गावाचं करायचं, तर सुरुवात कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात समाजमंदिराच्या मागच्या खोलीत एक अभ्यासिका चालते. रविवारी संध्याकाळी पुस्तकं मिटलेली असतात आणि सगळे गोल करून बसतात. मी शाळामास्तर. बोलायला म्हणून जातो, पण बराच वेळ ऐकत बसतो. अकरा वर्षांत समोरची पोरंपोरी बदलली, प्रश्न मात्र तेच राहिले. हल्ली ते पारोळा, चोपडा, शिरपूरकडूनही फोनवर येतात. म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे. ही माझ्या अनुभवातली उत्तरं आहेत. पटतील तेवढी घ्या.

आधी स्वतःला सुधारायचं की समाजाला?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक नवा मुलगा विचारतो. विचारताना त्याच्या मनात दोन वेगळी कामं असतात: एक घरात आरशापुढे करायचं, दुसरं चौकात. प्रत्यक्षात ती अशी वेगळी काढता येत नाहीत. गावात नाला खोलीकरणाची बैठक घेतली आणि समोरचा तावातावानं बोलायला लागला, की तुमचा संयम किती आहे ते तिथंच कळतं. वर्गणीची वही तुमच्या हातात आली, की प्रामाणिकपणाचा कस लागतो. खोलीत एकट्यानं बसून यातलं काही शिकता येत नाही.

उलटही खरं आहे. स्वतःकडे पाहायची सवयच नसेल, तर पहिल्या सत्काराच्या शालीबरोबर माणूस बदलतो. अशी चांगली माणसं हातची गेलेली मी पाहिली आहेत. दोन्ही कामं एकाच वेळी सुरू करा.

माझ्या आयुष्याचा हेतू काय, तेच सापडत नाही. काय करू?

शोधत बसू नका, कामाला लागा. हे ऐकायला कोरडं वाटेल, म्हणून आमच्याच गावाजवळची गोष्ट सांगतो.

अमळनेरला प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभारलं. पांडुरंग सदाशिव साने नावाचा कोकणातला तरुण तिथं अभ्यासाला आला. पुढे १९२४ मध्ये तो प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाला आणि वसतिगृह त्याच्याकडे आलं. पोरांच्या खोल्या झाडणं, त्यांचे मळके कपडे धुणं, आजारी पोराच्या उशाशी बसणं हे सगळं तो करत असे. १९३० मध्ये त्यानं नोकरी सोडली आणि तो स्वातंत्र्याच्या चळवळीत उतरला. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं, तेव्हा त्यासाठी तो गावोगाव फिरला. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसला. तोवर सारा महाराष्ट्र त्याला साने गुरुजी म्हणून ओळखत होता.

वसतिगृहातली खोली झाडताना आपण पुढे पंढरपूरच्या दारात बसणार आहोत, हे त्यांना कुठं ठाऊक होतं? समोरच्या पोराचं दुःख दिसलं, ते उचललं. त्यातून पुढचं दिसलं. तुमच्यासमोरही आत्ता एखादी गोष्ट असेलच. शेजारच्या म्हातारीचं रेशन कार्ड अडलं असेल, भाऊबंदातला एखादा मुलगा नववीत शाळा सोडून केळीच्या गाड्या भरायला जात असेल. तिथून सुरुवात करा. हेतू मागून येतो आणि तो आला की तुम्हाला कळतं.

स्पर्धा परीक्षेत तीनदा अपयश आलं. आता मी कुणाच्या काय कामाचा?

पुण्यातली खोली सोडून, ट्रंक घेऊन रात्रीच्या गाडीनं परत आलेली पोरं मला भेटतात. दिवसा गल्लीतून जायला त्यांना लाज वाटते. गावात पहिला प्रश्न असतो: "काय रे, काय झालं मग तुझं?"

पण हिशेब करून पाहा. राज्यघटना तुम्ही वाचली आहे. पंचायत राज तुम्हाला पाठ आहे. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा व्हायला हवी, आणि नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा वेगळी व्हायला हवी, हे गावातल्या कितीजणांना माहीत आहे? माहितीच्या अधिकारात दहा रुपये फी भरून अर्ज करता येतो आणि तीस दिवसांत उत्तर मिळायला हवं, हे तुम्ही परीक्षेसाठी घोकलंत. आता कुणासाठी तरी तो अर्ज लिहून द्या. आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलानं चौथ्यांदा फॉर्म भरला नाही. त्यानं शनिवारच्या बाजारात टेबल टाकून अर्ज लिहून द्यायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी तीन माणसं आली. आता दुपारपर्यंत त्याला पाणी प्यायला उसंत नसते. पोटापुरतं तो झेरॉक्सच्या दुकानावर कमावतो. तो अपयशी आहे असं त्याच्या तोंडावर म्हणणारा आता गावात कुणी नाही.

सगळे म्हणतात आयुष्यात तोल हवा. तोल म्हणजे नेमकं काय?

मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते याच प्रश्नावर.

अभ्यासिका सुरू झाली त्या वर्षी पोरांनी भिंतीवर वेळापत्रक लावलं होतं. पाच ते सात वाचन, सात ते साडेसात व्यायाम, संध्याकाळी श्रमदान, रात्री चिंतन. अक्षर सुरेख, लाल-निळ्या शाईत. कोपऱ्यात तिवईवर रांजण होता, पांढरं फडकं बांधलेला. रांजण भरायचं काम त्या वेळापत्रकात कुणाच्याच नावावर नव्हतं. तरी तो रोज भरलेला असायचा. कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मे महिन्यातल्या एका सोमवारी तो कोरडा निघाला. बाहेर आपल्याकडचं चव्वेचाळीस-पंचेचाळीसचं ऊन. पोरं एकमेकांवर चिडली, तुझं काम, माझं नाही. दुपारी उलगडा झाला. शेजारच्या काकू पहाटे नळ आला की आपल्या घरचं पाणी भरून झाल्यावर दोन हंडे इथं आणून ओतत होत्या. आमच्याकडे उन्हाळ्यात नळ चौथ्या दिवशी येतो, म्हणजे मधल्या दिवसांत विहिरीवरून. फडकंही त्याच धूत होत्या. त्या आठवड्यात लेकीच्या बाळंतपणासाठी साक्रीला गेल्या, म्हणून रांजण कोरडा.

परत आल्यावर पोरांनी विचारलं, "काकू, तुम्ही सांगितलं का नाही?" त्या म्हणाल्या, "पोरं शिकतीन म्हनीसन भरी दिधं, त्यात काय सांगानं?"

त्या दिवशी मी घरी गेलो आणि माझाच रांजण आठवला. पाणलोटाच्या कामात मी तेव्हा पुरता बुडालेलो होतो. रात्री अकरा, बारा, कधी एक वाजता घरी येई. माय भाकर टोपलीत झाकून, भिंतीला टेकून जागी बसलेली असे. सकाळी तिला कमरेला ओटी बांधून कापूस वेचायला जायचं असायचं. बोंडाच्या टोकांनी तिची बोटं फुटलेली असत, त्यांना ती गोडंतेल लावत बसे. मी जेवता जेवता गावच्या गोष्टी सांगायचो. एकदा तिनं मधेच विचारलं, "गावनं तू करस, तुनं कोन करस?" मी हसलो आणि हात धुवायला उठलो. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला तीन वर्षं लागली. तोवर तिचे गुडघे गेले होते.

म्हणून तोलाबद्दल माझं सांगणं एवढंच. तुमचा तोल तुम्ही एकट्यानं सांभाळत नाही. दुसरं कुणीतरी तो सांभाळत असतं आणि बहुतेक वेळा ते माणूस तुमच्या वेळापत्रकात नसतं. स्वतःवर काम करायचं असेल, तर आधी एका कागदावर लिहा: सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत माझ्यासाठी कोण काय करतं? चहा कुणी ठेवला, कपडे कुणी वाळत घातले, गुरांचं शेण कुणी काढलं. मग त्यातलं एक काम आपल्याकडे घ्या आणि महिनाभर सोडू नका. आमच्याकडे आता रांजणाची पाळी भिंतीवर सगळ्यात वर लिहिलेली असते, अभ्यासाच्याही वर. मी घरी रात्रीची भांडी घासतो. हे लिहिताना मला संकोच वाटत नाही.

घरचंच भागत नाही. समाजाचं कुठून करणार?

पोट आधी. कर्ज काढून समाजकार्य करू नका. हे मी हात जोडून सांगतो, कारण तो भार शेवटी बायकोच्या गळ्यातल्या पोतीवर नाहीतर बापाच्या दीड एकरावर येतो. आठवड्याचे दोन तास द्या, पैसा देऊ नका. दोन तासही जमत नसतील, तर जे रोज करताच त्यातच पाहा: मजुरीचे पैसे देताना बाईला आणि बाप्याला सारखे देता का? शेतात घागरीतलं पाणी सगळ्यांना एकाच पेल्यानं मिळतं का? याला वेगळा वेळ लागत नाही.

मी सून आहे. मला घराबाहेर पडायचीच मोकळीक नाही. माझ्यासाठी यात काय?

ताई, बहुतेक पुस्तकं तुम्हाला धीर धरा म्हणतात. तुम्ही एकट्या पडू नका, असं मी म्हणेन. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी झोक्यावर जमतात, श्रावणात कानबाईच्या सणाला सगळी भावकी एका घरात रोट खाते. बायका जमायच्या जागा आपल्याकडे आहेत. बचत गट ही तशीच एक जागा, दहा-वीस जणींची. तिथं पैशाच्या हिशेबानंतरची पंधरा मिनिटं एकमेकींचं ऐकायला ठेवा.

आणि बहिणाबाई चौधरी आठवा. आसोद्याच्या लेक, जळगावची सून, लिहिता-वाचता न येणाऱ्या. जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्यांना शब्द सुचले. त्यांनी संसार टाकला नाही आणि संसारानं त्यांची नजरही मंदावली नाही. १९५१ मध्ये त्या गेल्या. आज खान्देशातल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पण एक सांगतो, बाईनं सगळं सोसूनच मोठं व्हावं, असा याचा अर्थ कुणी काढू नये. घरात मारहाण होत असेल, तर तोल, संयम, समजूत हे शब्द बाजूला ठेवा आणि १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा.

दारू सोडणं ही ज्याची त्याची गोष्ट. त्यात समाज कुठं येतो?

याचं उत्तर सातपुड्याच्या पायथ्याला मिळतं. १९३०च्या दशकाच्या शेवटी तळोद्याकडच्या मोरवडला गुला महाराज नावाचा एक भिल्ल माणूस लोकांना सांगू लागला: दारू सोडा, चोरी करू नका, रोज आंघोळ करा, आणि एकमेकांना "आप" म्हणा. आरतीला डोंगरातून लोक लोटू लागले. बाहेरच्याला यात वैयक्तिक सुधारणेपलीकडे काही दिसणार नाही. पण ज्या माणसाला सावकार, जमीनदार, शिपाई सगळे "ए" म्हणत आले, त्यानं शेजाऱ्याला "आप" म्हणायचं! तो शब्द उच्चारताना पाठीचा कणा सरळ होत असणार. गुला महाराज गेल्यावर त्यांचे भाऊ रामदास महाराजांनी ते काम पुढे नेलं.

त्यानंतर तीन दशकांनी शहाद्याला आदिवासी शेतमजूर उभे राहिले. त्यांचे पुढारी अंबरसिंग महाराज सर्वोदयाच्या वाटेनं, भजनं गात काम करणारे. १९७२ मध्ये श्रमिक संघटना झाली. सावकारीत गेलेल्या जमिनी, सालदारांची, म्हणजे सालावर राबणाऱ्या गड्यांची, मजुरी हे तिचे लढे. आणि तिथंच बायकांनी पुढचा प्रश्न काढला: मजुरी वाढली, पण ती गुत्त्यावर जात असेल आणि रात्री मार आम्हालाच बसत असेल, तर आम्हाला काय मिळालं? त्या मोर्चानं गेल्या आणि दारूची मडकी फोडली. लढ्यातल्या पुरुषांनाही तेव्हा आपल्या घराकडे पाहावं लागलं.

हा प्रवास मला फार शिकवून जातो. माणूस स्वतःला "आप" म्हणण्याजोगा समजू लागतो, मग जमीन मागतो, आणि जमीन मिळाल्यावर त्याची बायको त्याच्याकडे हिशेब मागते. यातला कुठलाही टप्पा गाळून चालत नाही.

आजचं व्यवहाराचं सांगायचं तर, गावातलं परवानाधारक दारूचं दुकान बंद करायला मतदान मागता येतं. पंचवीस टक्के महिला मतदारांच्या सह्या लागतात, आणि आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करण्याच्या चिन्हाला, निम्म्याहून जास्त मतं पडावी लागतात. सह्या गोळा करणाऱ्या बाईच्या मागे तुम्ही उभे राहाल का, हा तुमच्यासाठी प्रश्न.

मी एकट्यानं सुधारून काय होणार? व्यवस्थाच तशी आहे.

अर्धं खरं आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरचं कुपोषण कुणाच्या सकाळच्या ध्यानानं कमी होणार नाही. त्याला रस्ता लागतो, दवाखान्यात हजर असलेला डॉक्टर लागतो, पोषण आहार वेळेवर लागतो. स्वतःला घडवा असं सांगून व्यवस्थेला मोकळं सोडणारे लोक आहेत. मी त्यांच्यात नाही. पण डॉक्टर हजर नाही हे दर महिन्याला जाऊन लेखी विचारणारा माणूसही लागतो. न चिडता, न विकला जाता, न कंटाळता. असा माणूस घडवावा लागतो.

ध्यान, योग, शिबिरं यांचा उपयोग होतो का?

होतो. मन शांत झालं तर चांगलंच. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा रविवार गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते लिहून घेतलं. ऐकणारे राजकैदी होते, आठवडाभर तुरुंगाच्या कोठड्यांत असणारे. तुमच्या शिबिरानंतर सोमवारी तुम्ही कामावर कसे वागता, तेवढं पाहा.

बदल दिसायला किती वर्षं लागतात?

साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला एकदा जाऊन या. तिथलं जंगल एकेकाळी उघडं पडलं होतं, पाण्यासाठी बायकांना लांब जावं लागे. चैत्राम पवार एम.कॉम. झालेले. नोकरीच्या मागे न जाता ते गावातच राहिले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गावानं ठरवलं: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, मोडणाऱ्याला दंड, राखणीला पाळी. आज तिथं चारशे हेक्टरांवर जंगल उभं आहे आणि दरवर्षी रानभाज्यांचा मेळा भरतो. २०२५ मध्ये चैत्रामभाऊंना पद्मश्री मिळाली.

मधल्या तीस वर्षांकडे लक्ष द्या. रानात राखणीला बसलेल्या माणसाची त्या दिवशीची मजुरी कोण भरत होतं? पाळी लावली होती म्हणून ओझं एकावर पडलं नाही, आणि म्हणून ते इतकी वर्षं टिकलं, असं मला वाटतं.

मी फार थकलो आहे. सगळ्यांचं करतो, पण आतून काही उरलं नाही.

तुमचा निरोप वाचून मी थांबलो. आधी सांगतो, हा तुमचा कमकुवतपणा नाही.

ज्या साने गुरुजींचं नाव आपण इतक्यांदा घेतो, त्यांनी ११ जून १९५० रोजी आपलं आयुष्य स्वतः संपवलं. पन्नाशीतच. कारणांची चर्चा करायचा मला अधिकार वाटत नाही. पण आमच्या गटात ही गोष्ट आम्ही लपवत नाही. सगळ्यांसाठी ज्याचे डोळे भरून येतात, त्याचे डोळे पुसणारं कुणी आहे का, हे त्याच्या सोबत्यांनी पाहायला हवं. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही कामाचं बोलत नाही, प्रत्येकाला फक्त विचारतो, झोप लागते का, जेवण जातं का. उत्तर पटकन "बरं शे" आलं, तर दुसऱ्यांदा विचारतो.

तुम्ही काम थांबवा. महिनाभर, दोन महिने. गाव कोसळत नाही. जवळच्या एका माणसाला सगळं सांगा. जगणंच नकोसं वाटत असेल, तर आत्ता टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर फोन लावा. तो विनामूल्य आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही दाखवता येतं. बरं वाटलं की परत या. तुमची जागा कुणी घेत नाही.

गटात दोन पक्षांची, चार जातींची पोरं आहेत. निवडणुकीत फूट पडते. काय करावं?

प्रचार ज्यानं त्यानं करावा, अभ्यासिकेत झेंडा आणू नये, आणि मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी एकत्र बसून एका ताटात भरीत-कळण्याची भाकर खावी. हे दरवेळी जमलेलं नाही. एकदा दोन मुलं कायमची सोडून गेली. त्यांच्या घरी मी दर आखाजीला अजून जातो.

आमच्या गावात असा गट सुरू करायचा आहे. पहिल्या दिवशी काय करायचं?

नाव ठेवू नका, बॅनर छापू नका, पाहुणा बोलावू नका. वेचणी जोरात असते तेव्हा, दसऱ्यानंतरचे काही आठवडे, सुरुवातच करू नका. माणसं दमलेली असतात आणि बायका तर येऊच शकत नाहीत. उन्हाळ्यात रात्री नऊनंतर एखाद्या ओट्यावर बसा. पाच जण पुरेत, त्यात दोघी तरी बाया हव्यात, आणि त्यांना घरी सोडायला कोण जाणार ते आधी ठरवा. येताना प्रत्येकानं तो कागद आणावा, दिवसभरात आपल्यासाठी कोण काय करतं त्याचा. वाचून दाखवायला लाज वाटेल. वाचा. मग ज्याच्या ओट्यावर बसलात, त्या घरातल्या बाईला बाहेर बोलवा, बसायला जागा द्या, आणि चहा तुमच्यापैकी कुणीतरी आत जाऊन करा.